नोकरी सांभाळून पीएच.डी.

प्रश्न : मी ठाण्यातील एका शाळेत शिक्षिका असून एम.ए.ला मराठी विषयात मला ५७ टक्के गुण आहेत. अर्धवेळ पीएच.डी.साठी कोणत्या अटी आहेत?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, त्यामुळे गुणांची अट आपण पूर्ण करता, मात्र संशोधनासाठी पुरेसा वेळ दिला जाईल असे नमूद करणारे शाळेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. प्रवेश मिळाल्यावर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते. मुदत कमाल ६ वर्षांची असली, तरी पुनर्नोंदणीने २ आणि महिलांना आणखी २ वर्षे मिळू शकतात. म्हणून विषय घाईने ठरवू नये, मार्गदर्शकांशी आधी सविस्तर बोलावे, असा माझा आग्रह आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती या नियमांत नाही.