ताई, मालिका बंद करायची की नाही ते नंतर बघू, आधी ती वही बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक नववीत, मराठी मीडियम, वय १४. मोबाईलवर 'बोन्स' नावाची अमेरिकन मालिका बघते, इंग्लिश सबटायटल लावून, कधीकधी जेवताना सुद्धा. त्यात सडलेली प्रेतं, अळ्या, हाडं. सासूबाई म्हणतात पोरीच्या जातीनं असलं बघायचं असतंय काय. धाकटा ९ वर्षांचा, तो पण शेजारी बसून बघतो आणि आता रात्री एकटा बाथरूमला जायना झालाय. आणि लेक म्हणते मला फॉरेन्सिकमध्येच, म्हणजे गुन्ह्याच्या वैज्ञानिक तपासातच जायचंय, एका वहीत काय काय लिहून पण ठेवते. ताई विचारतात, "मॅडम, बंद करू की बघू देऊ, आणि असलं करिअर आपल्याकडं खरंच असतंय का, काय कळंना झालंय."

ताई, धाकट्याचं आधी उरकते कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाहीच. त्याला तिथनं उठवा. आजपासून. ९ वर्षांच्या पोराला हे नाटक आहे हे तोंडानं कळतं पण रात्री अंधारात कळत नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनंतर प्रत्येक कार्यक्रमावर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असं लिहिलेलं असतं, आणि १३+ पासून पुढच्या सगळ्याला लॉकची सोय द्यावीच लागते कंपनीला. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाका, पिन लेकीला सांगायचा, धाकट्याला नाही. ती ताई आहे त्याची, तिच्यावर जबाबदारी टाकली की ती पण जरा मोठ्यासारखी वागेल.

आता लेकीचं. मी ही मालिका बघितलीय, सगळी नाही, १२ सीझन आहेत, २००५ ते २०१७ चाललेली, कोण बघत बसणार सगळं. कॅथी राइक्स नावाच्या खऱ्याखुऱ्या फॉरेन्सिक मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे हाडांवरनं मेलेला माणूस ओळखणाऱ्या, बाईंच्या कामावरनं आणि कादंबऱ्यांवरनं सुचलेली आहे. अमेरिकेत तिला टीव्ही-१४ म्हणजे १४ च्या खाली पालकांनी बघून ठरवा असा शिक्का होता, म्हणजे तुमची लेक अगदी उंबरठ्यावर. प्रेतं किळसवाणी आहेत हे खरं, पण ती प्रेतं ओरडत नाहीत, मारताना फार वेळ दाखवत नाहीत, गोष्ट सुरू होते तेव्हा माणूस मेलेला असतो आणि उरलेला वेळ हाडावरनं तो कोण होता हे शोधण्यात जातो. मला खरं सांगायचं तर यापेक्षा आपल्या घरातल्या टीव्हीवर रात्री 'सत्य घटनेवर आधारित' म्हणून जे चालतं ना, सूड, अनैतिक संबंध, शेजारच्यानं पोरीला कसं फसवलं ते नाट्यरूपात आणि मागं ढँण ढँण संगीत, ते १४ वर्षांच्या पोरीला जास्त घातक वाटतं, कारण ते घर आपल्यासारखं, भाषा आपली, आणि त्यात विज्ञान शून्य. ते मात्र आज्जी, आई, सगळे मिळून बघतात आणि कुणी काही म्हणत नाही! (सासूबाईंना माझं नाव सांगू नका.)

म्हणून मालिका चांगली की वाईट हे मला पत्रावरनं सांगता येणार नाही, तुमची लेक ती कशी बघते त्यावर आहे. एपिसोड संपल्यावर ती काय विचारते? झोप उडते का, कडी परत परत तपासते का, एकटीनं शाळेला जायला घाबरते का, प्रेताचे सीन पुढं ढकलते की फक्त तेवढेच मागं नेऊन बघते? यातलं काही असेल तर थोडे महिने बंद, भांडण न करता. पण तुम्हीच लिहिलंय की ती वहीत लिहून ठेवते. ताई, ती वही एकदा तिच्या परवानगीनं बघा. त्यात "खुनी कोण" एवढंच असेल तर करमणूक आहे, असू दे बिचारी. पण "अळ्यांवरनं किती दिवस झाले ते कसं कळलं", "कवटी बाईची की बाप्याची कशावरनं" असलं लिहिलं असेल तर मग मला त्यातल्या दोन पानांचा फोटो पाठवा.

आणि आठवड्यातनं एक एपिसोड तिच्याबरोबर बसून बघा. जेवताना नको, रात्री ११ ला नको, संध्याकाळी. बघताना तिला विचारायचं, यातलं खरं किती. अळ्यांचं खरं आहे, किड्यांच्या वाढीवरनं मरणाची वेळ काढतात, फक्त ऊन पाऊस धरून हिशोब करावा लागतो. हाडांवरनं वय पण खरं. कॉलरबोनचं आतलं टोक पंचविशीच्या आसपास जाऊन पुरतं जुळतं, आणि आपल्याकडं कोर्टात मुलगा मुलगी अल्पवयीन आहे का याचा जन्मदाखला किंवा शाळेचा कागद नसला तर मनगट, कोपर यांचा एक्सरे काढून वय ठरवायची पद्धत आहे. पण कवटीवरनं हवेत थ्रीडी चेहरा उभा करायचा आणि तासाभरात आरोपी पकडायचा, हे टीव्हीचं. खऱ्या लॅबमधली बाई आरोपीमागं पळत नाही, तिला आरोपी भेटत पण नाही, तिच्या टेबलावर लाखेचं सील केलेली पाकिटं येतात, सील नीट आहे का बघायचं, नोंद करायची, सही करायची, कारण मधे एक सही चुकली तर कोर्टात वकील तेवढंच धरून बसतो. विषबाधेच्या केसमध्ये व्हिसेरा, म्हणजे मेलेल्याच्या पोटातल्या अवयवांचे तुकडे, बहुतेक वेळा मिठाच्या दाट पाण्यात बरणीत घालून येतो. आपल्या भागात शेतावरच्या औषधाच्या केसेस किती असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. असल्या बरण्या दिवसेंदिवस तपासायच्या आणि निकाल "सापडलं नाही" असा आला तर तसाच लिहायचा. एवढं ऐकून पण लेकीचे डोळे चमकले तर पोरगी कामाची आहे.

करिअर आहे का? आहे, आणि लांब पण नाही. बेळगावातच सरकारची विभागीय फॉरेन्सिक लॅब आहे. धारवाडला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे एनएफएसयूच्या कॅम्पसची कोनशिला जानेवारी २०२३ ला बसली, गोव्यात पण त्यांचा कॅम्पस आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झालाय, त्यात ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जाग्यावर जायलाच पाहिजे असं आहे, राज्यांना तयारीला ५ वर्षांपर्यंत मुदत दिलीय. म्हणजे माणसं लागणारच. कर्नाटकात 'सोको', सीन ऑफ क्राईम ऑफिसर, अशी पोस्ट पण निघालीय.

फक्त एक गोंधळ सगळी पोरं करतात, मालिकेत सगळं एकाच लॅबमध्ये चालतं म्हणून. पोस्टमॉर्टम करायचं असेल तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा, एमबीबीएस, मग फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी, तो डॉक्टरचा रस्ता, लांब आणि महाग. लॅबमध्ये बसायचं असेल तर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स, मग फॉरेन्सिकची पदवी किंवा मला जास्त पटतं ते म्हणजे साधी केमिस्ट्री नाहीतर बायोलॉजीची बीएस्सी आणि त्यानंतर फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी, कारण उद्या मन बदललं तर केमिस्ट्रीवाल्याला औषध कंपनीचं दार उघडं असतं. १४ व्या वर्षी मन बदलायचा तिला हक्क आहे.

महाराष्ट्रात शिकवायचं मनात असेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडच्या बऱ्याच प्रवेशांत सीमाभागाची म्हणून सोय असते, तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा आणि दाखल्यांना दहावीनंतर नाही, आत्ताच हात घाला, तलाठ्याकडं फेऱ्या किती होतात ते माहीत आहेच तुम्हाला.

एक कडू गोष्ट. लेकीचं कन्नड पास होण्यापुरतं असेल तर ते चालणार नाही. बेळगावच्या लॅबमध्ये किंवा सोकोमध्ये यायचं असेल तर पोलिसाचा पंचनामा कन्नडमध्ये येणार, साक्ष द्यायची वेळ आली तर समोर कन्नड येणार. सीमाप्रश्नाचं घरात जे बोलायचं ते बोला, मी पण त्याच घरातली आहे, पण पोरीला रोज कन्नड पेपरमधली एक बातमी वाचायला लावा. गुन्हेगारीचीच वाचू दे, आवडीची आहे म्हणून वाचेल तरी. आणि पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावी, तेव्हा एपिसोड आठवड्याला एकच, हे आत्ताच तिच्याशी ठरवून ठेवा, जानेवारीत मोबाईल काढून घेतला तर घरात रणधुमाळी होईल.

वहीचे फोटो पाठवायला विसरू नका.