“आता या वयात कशाला?”

प्रश्न असा आहे: “वय ५८. मिस्टरांना जाऊन वर्ष झालं. मुलगा-सून पुण्याला बोलावतात. माणसं चांगली आहेत, पण माझा जीव इथंच रमतो. एकटं राहायचं म्हणणं हा हट्ट आहे का? आणि असं राहून बाई सुखी होते का?”

ताई, हट्ट आहे. उगाच गोड बोलत नाही. मी ६४ वर्षांची, साताऱ्यात माची पेठेत राहते आणि हाच हट्ट करून मला सहा वर्षं होऊन गेली.

हे २०१८ च्या मे महिन्यात गेले. जुलैत मुलानं माझी बॅग भरली, गॅस सिलिंडर शेजारी ठेवला, घराला कुलूप लावलं आणि मी कोथरूडला गेले. आठ महिने राहिले. सून वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून निघता आलं असतं. ती गुणी आहे. सकाळी चहाला उठावं तर “आई, तुम्ही बसा.” गवारी निवडायला घ्यावी तर “अहो राहू द्या, मावशी येतील ना.” एक दिवस दुपारी साडेतीनला मला चहाची तल्लफ आली. स्वयंपाकघरात गेले. दुधाचं पातेलं कुठलं, चहाचं कुठलं, फक्त माझ्यापुरता केला तर कसं दिसेल, सगळ्यांना केला तर कुणी घेणार आहे का, असा विचार करत ओट्यापाशी उभी राहिले आणि चहा न करताच परत येऊन बसले. कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी त्या दिवशी मला कळलं की मी इथं राहायला आले नाही, बसायला आले आहे.

होळीच्या आधी परत आले. मुलगा आठवडाभर बोलला नाही. नणंदेनं फोन करून “लोक काय म्हणतील, पोरानं आईला सांभाळलं नाही म्हणतील” असं सुनावलं. तिचं खोटं नव्हतं, पेठेत तसं बोललेच लोक.

आल्या आल्या मन शांत झालं वगैरे काही झालं नाही. पहिले चार महिने वाईट गेले. संध्याकाळी दिवा लावला की घर अंगावर यायचं. टीव्ही नुसता आवाजासाठी लावून ठेवायची. एकदा केलेलं पिठलं दोन दिवस खायची. एकटीसाठी भाकरी थापायला हातच उठत नसे. भजनी मंडळात गेले, तिथं भजन अर्धा तास आणि सुनांचे पाढे दीड तास. सोडलं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायला लागले ते टिकलं. वर मंगळाईदेवीला हात जोडायचे, कठड्यापाशी जरा बसायचं, खाली आपलं घर कुठलं ते शोधायचं आणि उतरायचं. तब्येतीसाठी जात नाही. कुणी “वजन कमी झालं का हो?” विचारलं की वैताग येतो.

मग मोडी लिपीचं झालं. सासऱ्यांची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. आत जुने कागद. घरात कुणालाच वाचता येत नव्हते, ह्यांनाही नाही. एका निवृत्त शिक्षकांकडे पाच-सहाजण मोडी शिकतात असं कळलं, गेले. तिथले बाकीचे कॉलेजातले. मी सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत ढ. तुम्ही मोडी पाहिली असेल तर माहीत असेल, आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. बोरू उचलायचाच नाही म्हणून एका अक्षराचं शेपूट पुढच्याच्या गळ्यात. शब्दांत जागा सोडलेली नाही, वाक्य कुठं संपलं त्याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाची तर कुणाला पर्वाच नाही. पहिले तीन महिने मला ते गांडुळांचं ताट दिसायचं. घरी येऊन वहीत गिरवत बसायची. रात्रीचे अकरा वाजायचे, आणि टीव्ही लावला नव्हता हे झोपताना लक्षात यायचं.

जी ती विचारायची, “आता या वयात मोडी कशाला?” मुलगासुद्धा. आधी मी कारणं द्यायची. म्हणे बुद्धी चालत राहते, घराण्याचा इतिहास कळतो. मग कारणं द्यायचं सोडलं. जन्मभर जे जे केलं त्याला “कशाला” होतं. पोराच्या डब्यासाठी, ह्यांच्या पथ्यासाठी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. ते मनापासून केलं, रड नाही त्याबद्दल. पण “कशाला” नसलेली गोष्ट करून बघा एकदा, चव वेगळी लागते.

ट्रंकेतला पहिला कागद पुरता वाचायला मला नऊ दिवस लागले. शके १८२३, म्हणजे १९०१ साल. कोपऱ्यात उभा फाटलेला. मला वाटायचं उंदरानं कुरतडला. आमच्या घरी कायम सांगितलं जायचं की आमच्या घराण्यानं कधी कुणापुढं हात पसरला नाही. सासरे तर जेवताना ऐकवायचे. आणि कागदात काय? त्यांच्याच आजोबांनी तीन मण जोंधळे उसने घेतलेले, सुगी झाल्यावर सवाईनं, म्हणजे सव्वापट, परत देण्याच्या बोलीवर! गुरुजी म्हणाले, कर्ज फिटलं की सावकार कर्जाचं खत फाडून परत देई, म्हणून ते कर्ज घेणाऱ्याच्या घरी सापडतं. तो उंदीर नव्हताच. दुपारी दोन वाजता एकटी बसून मी इतकी हसले की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या.

आता जरा व्यवहाराचं, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहतं. ह्यांची फॅमिली पेन्शन येते म्हणून माझं जमतं. तुमचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडा, औषधं धरून. घर तुमच्या नावावर असेल तर तसंच राहू द्या. मुलगा कितीही चांगला असला तरी आताच बक्षीसपत्र वगैरे नको. २०२१ मध्ये मी बाथरूममध्ये पडले, कडी आतून. पाऊण तास तशीच. तेव्हापासून बाथरूमची कडी लावत नाही, एक किल्ली वहिनींकडे असते आणि सकाळी आठला मुलाला मेसेज टाकते. नऊपर्यंत गेला नाही तर तो वहिनींना फोन करतो. एकटं राहायचं म्हणजे कुणाचीच गरज नाही असं नव्हे.

टिकलीचंही सांगते, कारण तुम्हाला हा त्रास होणारच. मी लावते, आवडते म्हणून. संक्रांतीला दोन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा वाटलं आमच्या पेठेतही वारं येईल. अजून आलेलं नाही. त्या दिवशी मी तिळाच्या वड्या करते आणि स्वतः खाते.

आणि अपराधी वाटायचं थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दर महिन्याला दोन-तीन दिवस पुण्याला जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून उठसूट जाता येतं. नातू पाच वर्षांचा असताना त्यानं विचारलं, “आजी, तू आमच्यावर रागावलीस म्हणून तिकडे राहतेस का?” मला उत्तर सुचलं नाही. आता तो सातवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्याचं नाव त्याला मोडीत लिहून दिलं. म्हणाला, हे तर पासवर्डसारखं दिसतंय. गेल्या महिन्यात मी तिकडे गेले होते, तर सून म्हणाली, “आई, चहा तुमच्या हातचा करा ना, आम्हालाही.” पाहुणी म्हणून जायला लागल्यावर ओटा मला मिळाला, बघा.

तर सुखी होते का? मी होते, रोज नाही. तुम्ही व्हाल का ते मला कसं कळणार? तुमच्या माळ्यावर काय पडलंय ते तुम्हालाच ठाऊक. निदान निर्णय घ्यायच्या आधी सहा महिने कुलूप न लावता राहून बघा, आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. साताऱ्याचा पाऊस एकटीनं काढता आला तर पुढचं जमतं.

ट्रंकेत अजून चाळीसेक कागद आहेत. सध्या एका ओळीवर अडलेय. “म्हैस” आहे की “मामा” आहे ते कळत नाही, आणि त्यावर पुढचा सगळा व्यवहार अवलंबून आहे.