माझगावातला 'माझ' कुणाचा?

प्रश्न असा आहे: "नुकतेच माझगावला राहायला आलो. इमारतीच्या पाटीवर 'मझगाव' लिहिलंय, बसवर 'माझगाव'. शेजारचे आजोबा म्हणतात, माझं गाव ते माझगाव. एकीकडे मत्स्यग्राम असं वाचलं. यातलं खरं काय? आणि हे गाव पूर्वी होतं तरी कसं?"

'मझगाव' चूक आहे. त्याला पर्यायी रूप म्हणू नका, मराठीत असं रूपच नाही. तरी बातम्यांत तेच ऐकू येतं, दुकानांच्या पाट्यांवर तेच दिसतं, आणि माझगावात जन्मलेली मुलंसुद्धा हल्ली 'मझगाव' म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. होतं काय, की नाव रोमन अक्षरांत जातं आणि तिथून उलटं वाचलं जातं. रोमन लिपी अ आणि आ यांत फरक करत नाही. वाचणारा हिंदीभाषक असेल तर त्याच्या कानाला मझगवाँ, मझोली अशी गावं सवयीची, म्हणून तो सहज 'मझगांव' वाचतो. त्याचा दोष नाही. दोष आपला, की आपण ते ऐकून आपली पाटी बदलतो. उच्चार करायचा तो 'माझा', 'झाड', 'झोप' यांतल्या झ चा, आणि म ला काना. हा मुद्दा इथे संपला.

आता मत्स्यग्राम. ही व्युत्पत्ती इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की ती तपासावी असं कुणाला वाटतच नाही. संस्कृत 'मत्स्य', प्राकृत 'मच्छ', इथपर्यंत ठीक. पण पुढे मराठी काय करते? मराठी प्राकृतातल्या च्छ चा स करते. मच्छचा मासा, उच्छुचा ऊस, वच्छचं वासरू. 'मच्छीमार' हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला, घरचा शब्द मासेमार, मासळी. म्हणजे मत्स्यग्रामाचं मराठीत काही व्हायचंच असतं तर मासगाव झालं असतं. च्छ चा झ करायला मराठीला कुणी शिकवलं?

यावर एक हुशार उत्तर मला माहीत आहे: मासगावातल्या स च्या पुढे ग आला, ग च्या संगतीने स घोष झाला, म्हणजे गळा घुमवून उच्चारला जाऊ लागला, आणि मासगावचं माझगाव झालं. बोलताना असं होतं हे खरं, 'एकदा'चं तोंडात 'एग्दा' होतंच. पण मग उसगावचं उझगाव का झालं नाही? तिथेही स पुढे ग च आहे.

हॉब्सन-जॉब्सन हा इंग्रजांचा कोश तिसरंच सांगतो: महेशग्राम. देवाचं नाव चिकटवलं की व्युत्पत्तीला सोवळं नेसवल्यासारखं होतं, पण महेशातला ह कुठे गेला आणि श चा झ कसा झाला, याचा एक शब्दही खुलासा नाही. त्या कोशाबद्दल मला आदर आहे. बंदरावरच्या शेकडो शब्दांचा इतिहास त्याने जपला. पण ग्रामनामांच्या बाबतीत त्याने पंडितांचं ऐकून लिहिलं, कोळ्यांचं ऐकून नाही.

मला जे पटतं ते आता सांगतो, आणि ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते हेच.

बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात एक छोटं सूत्र आहे: 'साध्वसध्यह्यां झः'. ध्य आणि ह्य यांचा झ होतो. हे एक सूत्र हातात आलं की मराठीतले किती शब्द उलगडतात बघा. संध्येची सांज (जुनी सांझ). वंध्येची वांझ. उपाध्यायाचा हिंदीत ओझा. आणि ह्य मधून गुह्याचं गूज! कानात सांगायच्या गुपिताला आपण गूज म्हणतो, ते 'गुह्य' आहे, प्राकृतात 'गुज्झ'. मला हा शब्द पहिल्यांदा असा उलगडला तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

त्याच सूत्राने 'मध्य'चं होतं 'मज्झ', आणि मराठीत माझ किंवा माज. घराच्या मधली खोली ती माजघर. ज्ञानेश्वरांच्या भाषेत 'मध्ये' या अर्थी 'माझारीं' येतं, 'माजीं' येतं. तेव्हा माझगाव म्हणजे मधलं गाव. माजघराचा सख्खा भाऊ.

सात बेटांचा नकाशा मनात आणा. पूर्वेच्या किनाऱ्याने, म्हणजे आजच्या हार्बर लाइनच्या अंगाने वर चला. खाली मुंबईचं बेट, त्याच्या टोकाला डोंगरी. मग उमरखाडी, जी तेव्हा खरोखरची खाडी होती. मग माझगाव. त्याच्या वर परळ, शिवडी. होडीने शिवडीहून डोंगरीला जाणाऱ्याला हे गाव मध्येच लागणार. आणि दुसरा पुरावा समुद्रापासून लांबचा आहे. सावंतवाडीला लागून माजगाव आहे. कोल्हापूरकडे पन्हाळा तालुक्यात पडळच्या शेजारी माजगाव आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी कुणी जाळी टाकत होतं का? तिथेही मत्स्यग्रामच म्हणणार का? मधलं गाव मात्र डोंगरातही असतं आणि दर्यावरही. तुमच्या कानाला खटकणारं हिंदीतलं 'मझ'ही याच मध्याचं, म्हणून तर त्या लोकांना ते नाव इतकं ओळखीचं वाटतं.

मग आजोबांचं 'माझं गाव'? व्युत्पत्ती म्हणून ते चूकच. पण त्यांना हसू नका. 'माझा' हा शब्द संस्कृत 'मह्यम्'पासून येतो, प्राकृतात 'मज्झ'. म्हणजे त्याच सूत्राने ध्य मधून मध्य आला आणि ह्य मधून मी आलो, दोघंही 'मज्झ' होऊन एकाच उंबऱ्यावर उभे राहिले! माझं आणि मधलं हे प्राकृतात एका रूपाचे दोन शब्द. माजघरातला झ झिजून ज झाला, सांजेतला झिजला, सावंतवाडीच्या माजगावातला झिजला. मुंबईच्या माझगावात तो टिकला, आणि माझ्या मते तो 'माझं गाव' असं समजणाऱ्या लोकांनीच टिकवला. आजोबांची समजूत नावाचं मूळ नाही, पण नावाची राखण तिनेच केली.

पोर्तुगीज कागदांत 'माझागाँव'सारखं रूप मिळतं, आणि त्यातल्या झ च्या जागच्या अक्षरावर काही अभ्यासक मोठे इमले बांधतात. बांधू नयेत. १५३४ साली मुंबई पोर्तुगीजांकडे आली, त्याआधीच मोरोक्कोच्या किनाऱ्यावर त्यांचा याच नावाचा किल्ला होता, हुबेहूब त्याच स्पेलिंगचा. कारकुनाने नवं नाव ऐकलं आणि हाताच्या सवयीने जुनं लिहिलं. ती जागा आज अल जदीदा म्हणून ओळखली जाते. १७६९ साली ती सोडावी लागली तेव्हा पोर्तुगालने तिथल्या लोकांना पुढे ब्राझीलमध्ये ॲमेझॉनकाठी वसवलं आणि त्या गावालाही तेच नाव दिलं. तेव्हा पोर्तुगीज स्पेलिंगवरून कोळ्यांचा उच्चार ठरवू नये.

गाव मासेमारीचं होतं, यात मात्र वाद नाही. १६७३ च्या सुमारास कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला. त्याने लिहिलं की हे मोठं मासेमारांचं गाव, इथला बोंबील प्रसिद्ध, गोरगरिबांचं पोट त्यावर. त्याच्या इंग्रजी लेखणीतला 'बंबेलो' वाचला की माझगावच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. त्याच्या शंभर वर्षं आधी, १५७२ साली, पोर्तुगालच्या राजाने हे अख्खं बेट डिसूझा कुटुंबाला वंशपरंपरा देऊन टाकलं होतं. ग्लोरिया चर्च मूळचं त्यांच्याच काळातलं, १६३२ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडलं आणि भायखळ्याला नवं बांधलं. पुढे किल्ल्यातल्या कोंदट वस्तीला कंटाळलेले श्रीमंत इंग्रज इथे बंगले बांधून राहिले, आमराया प्रसिद्ध झाल्या. १७७४ साली जहाजांसाठी छोटी सुकी गोदी झाली आणि तिथून आजच्या डॉकपर्यंतची वाट सुरू झाली. १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक. किनाऱ्यावर भर पडत गेली आणि कोळ्यांपासून दर्या लांब सरकत गेला.

माझी आत्या ताडवाडीच्या चाळीत राहायची. सुट्टीत आम्ही माझगावच्या डोंगरावर, म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात, जाऊन गोदीतल्या क्रेन मोजायचो. इंग्रजांचा किल्ला याच डोंगरावर होता आणि जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा याच गावचे, १८६४ साली म्हातारपाखाडीत जन्मले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले.

नावांचंच बोलायचं तर या पट्ट्यात पावलोपावली फसायला होतं. दारूखाना म्हणजे गुत्ता नव्हे. ती दारूगोळ्यातली दारू, बंदुकीची. जवळच्या गनपावडर रोडचं इंग्रजी नावही तेच सांगतं. 'हे बंदर' यातला 'हे' मराठी सर्वनाम नव्हे, तो इंग्रजी शब्द आहे, अर्थ वाळलेलं गवत. तिथे घोड्यागुरांचा चारा उतरायचा. कौला बंदरावर कौलं, लकडी बंदरावर लाकूड. आणि उमरखाडीतला उमर हा कुणी माणूस नव्हे, ते उंबराचं झाड.

पण सगळ्यांत सुंदर नाव म्हातारपाखाडी. लाकडी सज्जे, बाहेरून जिने, कोपऱ्यावर क्रूस, अशी ती ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची, वस्ती अजून उभी आहे. लोक सरळ अर्थ लावतात: म्हाताऱ्यांची आळी, किंवा जुनी आळी. पाखाडी ठीक. कोकणात दगड बसवलेल्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात आणि त्या वाटेवरच्या वाडीलाही. कळव्याला खारेगावात पाखाडी आहे. प्रश्न 'म्हातार'चा आहे. 'म्हातारा' हा शब्द वयाचा नंतर झाला. तो 'महत्तर'पासून आला आणि जुन्या ताम्रपटांत महत्तर म्हणजे गावचा प्रमुख, पंच. आगरी-कोळी मंडळींतलं म्हात्रे हे आडनाव तिथलंच. म्हणून माझं म्हणणं असं, की म्हातारपाखाडी ही म्हाताऱ्यांची नसून महत्तरांची पाखाडी असावी, गावच्या मुख्याच्या घरापुढची फरसबंद वाट. तुम्ही आता तिथलेच आहात. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत दहा मिनिटंही लागणार नाहीत. जा, आणि तिथल्या जुन्या माणसांना विचारा की ते 'म्हातार' म्हणतात की 'म्हात्र'. र च्या आधीचा स्वर नीट ऐका आणि मला कळवा.