गिदोनाचे ३०० आणि आय येथील ३,०००

प्रश्न : हात तोंडाशी नेऊन पाणी पिणारे ३०० पुरुष अधिक सावध होते, म्हणून इस्राएलाचा पुढारी गिदोन याने त्यांना लढाईसाठी निवडले, असे प्रवचनांतून ऐकतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात तसे कोठेही म्हटलेले नाही. मिद्यानी शत्रूंशी लढण्यासाठी हरोद झऱ्याजवळ ३२,००० लोक जमले होते. भ्यालेल्यांनी परत जावे असे सांगताच २२,००० निघून गेले आणि उरलेल्या १०,००० पैकी गुडघे टेकून पाणी पिणाऱ्यांनाही परत पाठवण्यात आले. कारण दुसऱ्या वचनातच दिले आहे : आमच्याच हाताने आमची सुटका झाली, अशी फुशारकी इस्राएलाने मारू नये. त्या ३०० जणांना निवडक वीर ठरवले, तर नेमकी तीच फुशारकी आपण त्यांच्या वतीने मारतो.

प्रश्न : गिदोनाला भीती वाटली नाही का?

उत्तर : वाटली. भय वाटत असेल तर आपला सेवक पुरा याला घेऊन मिद्यान्यांच्या छावणीकडे जा, असे परमेश्वर त्याला रात्री सांगतो आणि तो खरोखरच जातो. तेथे एक मिद्यानी आपल्या सोबत्याला स्वप्न सांगत असतो की, जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिच्या धडकेने तंबू उलथून पडला. हे ऐकल्यावर गिदोन नमन करतो आणि मगच परत फिरतो. पुढे रात्रीच्या मधल्या प्रहराच्या आरंभी, पहारेकरी नुकतेच बदललेले असताना, शंभर-शंभरांच्या तीन टोळ्या घागरी फोडतात, तेव्हा प्रत्येकाच्या डाव्या हातात मशाल आणि उजव्या हातात रणशिंग असते. म्हणजे तलवार उपसायला हात मोकळाच नाही. मिद्यान्यांच्या तलवारी चालतात त्या एकमेकांवर.

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. कमी संख्या हाच आशीर्वाद मानावा का?

उत्तर : त्याला आधार नाही. सगळे लोक कशाला, दोन-तीन हजार पुरेत, असे आय हे शत्रूचे नगर पाहून आलेले हेर इस्राएलाचा पुढारी यहोशवा याला म्हणाले. ३,००० गेले, ३६ मारले गेले आणि बाकीचे पळाले. आखान या इस्राएल्याने परमेश्वराला समर्पित वस्तू लपवल्या होत्या हे पराभवाचे कारण खरे, परंतु हेरांच्या सल्ल्यातही परमेश्वराला विचारल्याचा मागमूस नाही. याउलट शौल राजाचा मुलगा योनाथान, केवळ आपल्या शस्त्रवाहकाला घेऊन शत्रू पलिष्ट्यांच्या ठाण्यावर जाताना, बहुतांच्या द्वारे काय किंवा थोडक्यांच्या द्वारे काय, सुटका करण्यास परमेश्वराला अडचण नाही, असे म्हणतो. आणि त्याआधी ‘कदाचित’ म्हणतो. हे ‘कदाचित’ मला फार मोलाचे वाटते, कारण आपल्या दोघांच्या धाडसाला परमेश्वर बांधील आहे, असे तो धरून चालत नाही.

प्रश्न : लोकांची गणती केल्याबद्दल दावीद राजाला शिक्षा झाली, म्हणजे गणती करणेच पाप का?

उत्तर : नाही. सीनायच्या रानात गणती करण्याची आज्ञा परमेश्वरानेच मोशेला दिली होती आणि ६,०३,५५० हा आकडा शास्त्रातच नोंदलेला आहे. दावीदाला मात्र त्याचा सेनापती यवाब यानेही, जो भाविकपणासाठी मुळीच प्रसिद्ध नाही, हे आपल्याला कशासाठी हवे, असे विचारले होते. सभासदांची नोंदवही ठेवण्यास यातून मनाई निघत नाही.