वर्गणीदार वाढत का नाहीत?

प्रश्न : आम्ही तिघे मिळून आमच्या भागातल्या बोलीतल्या कथांचं त्रैमासिक काढतो. कौतुक होतं, पण वर्गणीदार दोनशेच्या पुढे सरकत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, जत

उत्तर : आधी वर्गणीची वही उघडा. नवे किती आले हे सगळेच मोजतात. जुन्यांपैकी किती जणांनी पुन्हा भरली, ते बघा. गळालेले सगळेच काही रुसलेले नसतात हो, बऱ्याच जणांना वर्गणी संपल्याचा पत्ताच नसतो. म्हणून पत्त्याच्या चिठ्ठीवरच छापा : ‘वर्गणी दिवाळी अंकापर्यंत’. शेवटच्या अंकात क्यूआर कोडचा कागद घाला आणि त्याखाली ठळक लिहा, ‘पैसे भरल्यावर नाव, पत्ता, पिनकोड व्हॉट्सअ‍ॅप करा.’ नाहीतर खात्यात तीनशे रुपये येऊन पडतात आणि हे कुणाचे, ते शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

भेट वर्गणी मागायची ती दिवाळीत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे वाचनाचा खर्च दिवाळीच्या यादीत बसलाय. तुमच्या भागातून पुण्या-मुंबईला गेलेले लोक गाठा. गावची बोली छापलेली बघायला तेच आसुसलेले असतात.

फुकट अंक मात्र तालुक्याच्या ग्रंथालयालाच. मित्रमंडळींना एकदा फुकटची सवय लागली की ते ‘छान चाललंय’ म्हणतात, वर्गणी भरत नाहीत!

आणि अंक ठरल्या तारखेलाच पोस्टात टाका.