पाचही संच एकदम बंद पडतात तेव्हा

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

वीज नियोजनाच्या कामावर रुजू झालीस हे वाचून फार बरं वाटलं. त्याच पत्रात तू विचारलंस, "कागदावर राज्याकडे वीज पुरेशी दिसते, मग आपल्या गावात रब्बीत मोटार का चालत नाही?" हा प्रश्न पडणारी पोर त्या खुर्चीवर बसली, याचा मला खरोखर आनंद आहे. उत्तर मात्र परळीपासून सुरू करावं लागेल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पूर्ण बंद झालं. तेव्हा तिथे २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रं, होती, एकूण ११३० मेगावॉट. नव्हतं ते फक्त वाफेसाठी आणि यंत्रं थंड ठेवायला लागणारं पाणी. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून उपसायला काही उरलंच नव्हतं. २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली.

आता तुझं पुस्तकातलं गणित लाव. प्रत्येक संच दहा टक्के वेळ बिघाडामुळे बंद राहतो असं धरलं, तर पाचही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता निघते लाखात एक. गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. एका संचाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं ते धरून चालतं. बॉयलरची ट्यूब फुटली, बेअरिंग गेलं, इथवर ते ठीक. पण पाचही संचांचं पाणी एकाच ठिकाणाहून येत असेल तर दुष्काळापुरते ते पाच नाहीतच, एकच आहेत. मराठवाड्याचं नियोजन करणाऱ्याने ही गोष्ट मनात पक्की धरावी, असं मला कळकळीने वाटतं.

शिवाय दुष्काळ दोन्ही बाजूंनी घेरतो. ज्या वर्षी बंधारा आटतो त्याच वर्षी विहिरी तळ गाठतात आणि बोअर आणखी खोल जातात. तेवढंच पाणी वर काढायला मोटारीला जास्त वीज लागते, आणि उभं पीक वाचवायला शेतकरी मिळेल तितका वेळ मोटार चालवतो. पुरवठा घटतो, मागणी वाढते, आणि दोन्हींचं मूळ एकच. पुढे विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या की शेतीची मागणी एकदम कोसळते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुझ्या डोळ्यांसमोर घडलंय. सरासरी पावसाचं वर्ष धरून केलेल्या अंदाजात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून पाऊस, धरणसाठा आणि विजेची मागणी यांच्या नोंदी एकाच तक्त्यात तारीखवार मांड. पाण्याची माहिती दुसऱ्या खात्याकडे असते म्हणून ती सोडून देऊ नकोस. जाऊन बस, मागून घे.

कोळशाच्या संचांनी पाणी नाही म्हणून मान टाकली तरी सौर पॅनेलला धुण्यापुरतंच पाणी लागतं, आणि दुष्काळी वर्षात ऊन काही कमी होत नाही. म्हणून शेतीला सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला आपल्या भागासाठी मोलाची वाटते. दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-विंचवाच्या अंधारात बारे द्यायला जावं लागत नाही, हा हिशेबही नियोजनातलाच आहे. सूर्य मावळल्यावर गावठाणाचे दिवे कशावर लागणार, हा प्रश्न मात्र तिथे उरतोच. तो झाकून ठेवू नकोस.

आता तुझ्या गावाकडे येऊ. राष्ट्रीय वीज आराखड्यात मागणी भागवता न येण्याची शक्यता ०.२ टक्क्यांच्या आत ठेवायची, असा निकष वापरला गेलाय. वर्षाचे ८७६० तास धरले तर हे साधारण साडेसतरा तास होतात. वाचून हायसं वाटतं, पण हा आकडा निर्मितीपुरता आहे. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, ती या साडेसतरा तासांत कुठेच मोजलेली नाही.

एकदा रब्बीत, शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवारात जाणाऱ्या लाइनीला, थ्री फेज सोडण्याच्या वेळी उपकेंद्रात जाऊन उभी राहा. जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच असतो. ब्रेकर चढवला की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अँमीटरचा काटा टोकाला जातो. कुठे डिओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडतो, कुठे फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असते म्हणून तो उडतच नाही आणि डीपीच जळते. फीडर लांबलचक असेल तर शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. ते ८० टक्क्यांवर आलं की मोटारीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. भर हंगामात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते आणि इकडे गहू ओंबीत सुकतो.

दुरून वीज आणता येते. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनीने दक्षिणेचं ग्रीडही देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. व्होल्टेज मात्र तितक्या दुरून आणता येत नाही, ते जागेवरच सांभाळावं लागतं. म्हणून व्होल्टेज सावरणारे कॅपॅसिटर, फीडरची लांबी कमी करणारं जवळचं उपकेंद्र, मोठ्या डीपीऐवजी थोड्या थोड्या मोटारींसाठी छोट्या डीपी, ही कामं नव्या वीज केंद्राइतकीच नियोजनाची आहेत. त्यांचं उद्घाटन होत नाही, म्हणून पैसे मागताना तुला जास्त भांडावं लागेल. भांड.

दिवाळीला येशील तेव्हा आपल्या फीडरची मागच्या रब्बीची ट्रिपिंगची, म्हणजे वीज तुटल्याची, नोंद घेऊन ये. लोडशेडिंग आणि ब्रेकडाऊन वेगळे काढूनच आण, नाहीतर दोन्हींचे तास एकत्र होतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. कुठली डीपी किती वेळा जळाली हे लाइनमनला विचार, त्याला तोंडपाठ असतं. मग ओसरीत बसून दोघं मिळून हिशेब मांडू.

तुझा,
काका