जॅग्वार एक्सजे ही ब्रिटिश सेडान इतकी नावाजली का गेली आणि शेवटी बंद का झाली?

थोडक्यात उत्तर असं की पहिलीच एक्सजे इतकी जमून आली की पुढे चाळीस वर्षं कंपनीला त्या रूपापासून लांब जायची हिंमत होईना. तिचं नाव झालं ते त्यामुळे, आणि माझ्या मते ती मागे पडली त्यातही याचा मोठा वाटा आहे. आता जरा सविस्तर लिहितो, कारण ही माझी अतिशय आवडती गाडी आहे.

जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूलला भागीदारीत मोटारसायकलचे साइडकार बनवण्यापासून धंदा सुरू केला. ते इंजिनिअर नव्हते, पण नजर विलक्षण होती. कागदावरच्या चित्रांवर त्यांची फारशी भिस्त नसे. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडून गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना करून घ्यायचा, तो वॅपनबरी हॉल या आपल्या घराच्या आवारात नेऊन उभा करायचा आणि दिवसाउजेडी चहूबाजूंनी निरखून बदल सुचवायचे, ही त्यांची पद्धत. सप्टेंबर १९६८ मध्ये आलेली एक्सजे ६ ही त्यांच्या हातची शेवटची सेडान. जाहिरातीत तर ते स्वतःच उभे राहिले आणि आजवरची ही आमची सर्वात उत्तम गाडी आहे, असं त्यांनी सांगितलं.

इंजिन मात्र जुनंच होतं. १९४८ पासून चालत आलेलं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, २.८ आणि ४.२ लिटरमध्ये. खरी कमाल सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या रचनेत होती. मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खाली-वर होत, प्रत्येक बाजूला दोन-दोन स्प्रिंग, आणि डिस्क ब्रेक चाकाजवळ न ठेवता आत डिफरन्शियलला (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीला) लागून बसवलेले, म्हणजे चाकावरचं वजन कमी. हा सगळा संच एका पोलादी चौकटीत बसवून ती चौकट रबराच्या आधारांवर बॉडीला जोडलेली होती. त्यामुळे रस्त्याचा आवाज आणि हादरे आतल्या माणसापर्यंत पोचायच्या आधीच बरेचसे विरून जात. बॉब नाइट या इंजिनिअरने या एका गोष्टीमागे वर्षानुवर्षं घालवली. डनलॉपने या गाडीसाठी खास रुंद टायर तयार केले. एवढी मऊ गाडी वळणावर डगमगायला हवी, पण एक्सजे डगमगत नसे. हे दोन्ही गुण एकत्र देणाऱ्या गाड्या तेव्हा फार थोड्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक जॅग्वारपेक्षा पुष्कळ महाग होत्या.

आणखी एक बारकावा. पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन्ही बाजूंना एकेक. झाकणंही दोन, डिकीच्या दोन्ही अंगांना वरच्या बाजूला, चकचकीत. कुठल्या टाकीतलं पेट्रोल वापरायचं ते डॅशबोर्डवरच्या बटणाने ठरवायचं. १९७२ मध्ये ५.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आलं तेव्हा या दोन्ही टाक्यांची गरज चांगलीच भासली असणार!

त्याच वर्षी लायन्स निवृत्त झाले. कंपनी तोवर ब्रिटिश लेलँड या मोठ्या मोटार उद्योगसमूहाच्या पोटात गेली होती, आणि सत्तरचं दशक वाईट गेलं: पैशांची टंचाई, संप, घसरलेला दर्जा. १९७९ मध्ये याच एक्सजेची तिसरी सुधारित आवृत्ती, म्हणजे तिसरी मालिका आली, आणि तिच्यात पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीने छताची रेष सुधारली. माझ्या मते सर्वात देखणी एक्सजे हीच. पण कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातल्या नव्या रंगकाम विभागाच्या अडचणींमुळे सुरुवातीला ती मोजक्याच रंगांत मिळत होती. १९८० मध्ये कंपनीचे प्रमुख म्हणून आलेल्या जॉन इगन यांनी दर्जा सावरला, १९८४ मध्ये कंपनी पुन्हा स्वतंत्र झाली, आणि एक्सजेची पुढची पिढी, सांकेतिक नाव एक्सजे ४०, तब्बल १९८६ मध्ये रस्त्यावर आली. लेलँडने आपल्याच दुसऱ्या कंपनीचं, रोव्हरचं, व्ही-८ इंजिन (दोन रांगांत V आकारात आठ सिलिंडर) माथी मारू नये म्हणून इंजिनची जागा मुद्दाम अरुंद ठेवली, असं जॅग्वारच्या गोटात सांगितलं जातं. परिणाम असा की स्वतःचं बारा सिलिंडरचं इंजिनही त्यात मावेना, आणि जुनी तिसरी मालिका त्या इंजिनासह १९९२ पर्यंत बनत राहिली.

१९८९ मध्ये फोर्डने जॅग्वार विकत घेतली. एक्सजे ४० च्या चौकोनी दिव्यांवर टीका झाली होती, म्हणून १९९४ मध्ये गोल दिवे परत आले. मागे जायची सवय इथे पक्की झाली. २००३ ची एक्सजे तर तंत्राच्या दृष्टीने क्रांतिकारी होती. बॉडी संपूर्ण ॲल्युमिनियमची, विमानांसारखी रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेली, आधीपेक्षा मोठी आणि तरीही हलकी. पण दिसायला ती १९६८ च्याच वळणाची. शेजारून गेली तरी नवी गाडी गेली हे कळत नसे. एवढं धाडस आत करायचं आणि बाहेर लपवायचं, याची मला आजही हळहळ वाटते. तोवर जर्मन कंपन्या दर पिढीला नवं रूप घेऊन येत होत्या.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॅग्वारचे डिझाइनप्रमुख इयान कॅलम यांची नवी एक्सजे दाखवली गेली, आणि जुनं रूप अखेर सुटलं: उतरतं छत, काचेचा माथा, उभे लांब मागचे दिवे. पुढे पुण्यातही तिच्या डिझेल मॉडेलची जुळणी झाली. ब्रिटिश पंतप्रधानांच्या ताफ्यातही एक्सजेच असे. पण तोवर श्रीमंत गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलं होतं, आणि त्यात कंपनीची स्वतःची रेंज रोव्हरही होती.

जुलै २०१९ मध्ये कॅसल ब्रॉमविचला शेवटची एक्सजे बनली. तिच्या जागी विजेवर चालणारी एक्सजे येणार होती, तिचं कामही बरंच पुढे गेलं होतं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ती रद्द केली.

तुम्हाला प्रत्यक्ष एखादी बघायची संधी मिळाली तर तिसरी मालिका बघा, आणि शक्य झालं तर मागच्या सीटवर बसून खराब रस्त्यावर एक फेरी मारा.